मागून येणारी रेघ

"...मग दोष कुणाचा, सर? मशिनचा का माणसाचा?"

मोमीन सरांनी मान वर केली नाही. त्यांच्यासमोर एक उघडा मदरबोर्ड होता, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा होता आणि सोल्डरगनच्या टोकातून बारीक धूर निघत होता.

"सर, मी काय म्हणतोय..."

"ऐकतोय की. बोल."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो होतो. माझा लॅपटॉप दुरुस्त होऊन चार दिवस झाले होते. पण सरांच्या खोलीत एकदा टेकलं की उठवत नाही, आणि तसंही मला घरी कोणी विचारत नव्हतं.

मोमीन सरांनी सारा जन्म आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. निवृत्त झाल्यावर इचलकरंजीच्या मागावाल्या गल्लीत ही खोली घेतली आणि कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. खोलीत एकच नियम होता. कंपनीचं नाव घ्यायचं नाही. फार तर खोक्याचा रंग सांगायचा. पूर्वी एकदा दोन शहाणी माणसं, कुठली चिप भारी यावरून, इथंच एकमेकांची गचांडी धरून उभी राहिली होती. नियम तेव्हापासूनचा.

म्हणून इथं सगळे रंगात बोलत. प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारी मुख्य चिप, तिच्यात निळेवाले आणि लालवाले. पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड, त्यात हिरवेवाले आणि लालवाले. निळ्यांचं लालवाल्यांशी पटत नाही, लालवाल्यांचं हिरव्यांशी पटत नाही. सोयरीक नाही, भांडण मात्र घरच्यासारखं.

समोर उभा होता तो सन्मती मगदूम. सरांचाच जुना विद्यार्थी. वय सव्वीस. चिपांवर व्हिडिओ करायचा आणि हजारो लोक ते बघायचे. हिरव्यांचा तो कट्टर भक्त. लाल कार्डाचं नाव निघालं की नाकाला रुमाल लावल्यासारखं तोंड करायचा. हुशार होता, यात वाद नाही. अडचण एवढीच की ही गोष्ट त्याला स्वतःला फार लवकर कळली होती.

"सात महिने झाले," सन्मती म्हणाला. "अप्पांना मी स्वतः मशीन जोडून दिलं. प्रोसेसर लाल, त्यातला वरचा. कार्ड हिरवं, बाजारातलं एक नंबर. पडदा एवढा मोठा. गावात कुणाकडं नाही असलं मशीन."

"मग?"

"अप्पा म्हणतात, चालत नाही."

सरांनी सोल्डरगन स्टँडवर ठेवली.

सन्मतीचे अप्पा, म्हणजे त्याचे वडील बाहुबली मगदूम, यांना या गावात कोण ओळखत नाही? साडीच्या काठाची नक्षी काढणारा माणूस. अडतीस वर्षं ग्राफ पेपरवर चौकोन न् चौकोन रंगवून त्यांनी कोयऱ्या, मोर, रुईफुलं काढली आणि मागावर चढवली. पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले. जुन्या मशिनवर झकास काम करायचे.

"चालत नाही म्हणजे काय होतं?" सरांनी विचारलं.

"त्यांच्या हातून होत नाही, सर. माऊस हलवतात आणि म्हणतात रेघ मागनं येती. मी वेगाचे नंबर काढून दाखवले. या कार्डाचे नंबर लालवाल्यांच्या कार्डापेक्षा कितीतरी वर आहेत. चार ठिकाणचे तक्ते दाखवले."

"आणि?"

"आणि मी सांगितलं त्यांना. मशिनला दोष नाही. तुमचा हात मंद झालाय."

 शेजारच्या मागांची खटखट तेवढी येत होती.

"सांगितलंस..." सर म्हणाले.

"खरं ते सांगायला नको?" सन्मतीचा आवाज चढला, पण डोळे खाली गेले. "ते गुपचूप मिरजेला जाऊन डॉक्टरांकडून हात तपासून आले. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. अप्पांचा विश्वास बसत नाही. म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय, माझ्या पोराला कळतंय. उद्या कारखान्यात जाऊन नमुन्यांची बाडं परत देणार आहेत. काम सोडणार आहेत."

"म्हणून तू आलास."

"म्हणून आलो. तुम्ही त्यांना समजावून सांगा. वय झालं की होतं असं. माझ्याशी ते बोलत नाहीत. म्हणजे बोलतात... पण माझ्याकडं बघत नाहीत."

सरांनी भिंगाचा चष्मा काढला आणि साधा लावला.

"मशीन जोडताना कार्ड कसं निवडलंस?"

"नंबर बघून."

"पुढं कोण बसणार, ते बघितलं होतंस?"

"त्याचा काय संबंध, सर? चिप ती चिप. पुढं कोणी का बसेना."

"तू बसला होतास कधी? त्या मशिनपुढं?"

"मी? मला काठ कुठं काढता येतो?"

सर उठले. टेबलाचा आधार घेऊन, एक एक गुडघा सरळ करत उठले. मोमीन सर भर दुपारी खोली सोडून उठलेले मी तरी कधी पाहिले नव्हते.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"अप्पांकडं."

मला कोणी बोलावलं नव्हतं. मी सरांची अवजारांची पिशवी उचलली आणि मागोमाग निघालो. पिशवी हातात असली की माणसाला कोणी हाकलत नाही.

मगदुमांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. खाली भाडेकरूंचे माग, वर राहायची जागा. अप्पांची खोली रस्त्याच्या बाजूला. आम्ही गेलो तेव्हा अप्पा जमिनीवर बसून नमुन्यांची बाडं जुन्या धोतरात बांधत होते. गाठ मारताना त्यांचे हात जराही थरथरत नव्हते. मला ते तेव्हाच दिसलं, पण मला काय कळतं म्हणून मी गप्प राहिलो.

"या की, सर! बसा. वाट चुकला जणू आज?"

"तुमची कोयरी बघायला आलोय, अप्पा."

अप्पा हसले. 

"कोयरी संपली ओ सर. आता हात चालंना."

"एक काढून दाखवा. माझ्यासाठी."

अप्पांनी सन्मतीकडं बघितलं नाही. खुर्चीवर बसले आणि कॉम्प्युटर सुरू केला. टेबलाखाली ठेवलेलं मशीन खरोखरच देखणं होतं. काचेच्या बाजूतून आत दिवे लुकलुकत होते आणि मधोमध ते हिरवं कार्ड देवघरातल्या मूर्तीसारखं विराजमान होतं. पडदा केवढा तरी मोठा. टेबल भिंतीला घट्ट चिकटवलेलं, वर ग्राफ पेपरच्या गुंडाळ्यांची चळत.

अप्पांनी माऊस धरला आणि कोयरीचं वळण घेतलं.

हात पुढं गेला. रेघ जागेवरच. मग रेघ निघाली, धक्के खात, हाताच्या मागून. अप्पा थांबले. रेघ त्यांच्यापुढं निघून गेली. त्यांनी तिला परत वळवलं तर वळण चेपलं. कोयरी कसली, चेंगरलेलं वांगं झालं ते.

"बघितलासा?" अप्पा हळूच म्हणाले. "अडतीस वर्षं ज्या हातानं खाल्लं, तो हात माझं ऐकंना झालाय."

"अप्पा, या कार्डाला सेकंदाला..." सन्मती सुरू झाला.

सरांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो थांबला.

"अप्पा, पेन्सिल हाय काय?"

अप्पांनी कानामागची पेन्सिल काढली. सरांनी ग्राफ पेपरचा एक तुकडा पुढं सरकवला.

"ह्याच्यावर काढा."

"काय उपयोग, सर?"

"काढा तर."

अप्पांनी पेन्सिल टेकवली. एकच वळण. खालून वर, वरून आत, टोकाशी नाजूक मुरड... पेन्सिल उचलायच्या आधी कोयरी झाली होती. मी तोंडात बोट घालायचा बाकी होतो.

अप्पांनी तो कागद बाजूला सारला. "कागदावर जमतं ओ. पण कागदावरचं आता कोण घेतंय? कॉम्प्युटरवर जमंना म्हणजे हातच गेला म्हणायचं. पोरगं सांगतंय ते खोटं न्हाई. त्याला समदं कळतं."

सन्मती खिडकीबाहेर बघत होता.

मोमीन सर खाली बसले. बसले म्हणजे, एक हात टेबलावर, एक हात जमिनीवर, असं करत टेबलाखाली शिरले. मी मदतीला वाकलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. भिंत आणि मशीन यांच्यामधल्या फटीत त्यांनी हात घातला आणि डोळे मिटून चाचपत राहिले.

बराच वेळ गेला... मग त्यांचा हात एका जागी थांबला.

सर बाहेर आले. मूठ बंद होती. ते सन्मतीसमोर उभे राहिले, त्याचा हात धरला, तळवा उघडला आणि त्यात काहीतरी ठेवलं.

करंगळीच्या नखाएवढं काळं रबरी टोपण होतं ते.

मला आधी काही उमजलं नाही. सन्मतीला मात्र एका क्षणात उमजलं. त्याचा चेहरा असा उतरला की मला त्याची दया आली, आणि मी काही त्याचा चाहता नव्हतो.

नंतर सरांनी मला समजावलं ते असं. ग्राफिक्स कार्ड नवं येतं तेव्हा त्याच्या मागच्या खाचांना धूळ जाऊ नये म्हणून अशी टोपणं असतात. पडद्याची वायर लावायची तर टोपण काढायलाच लागतं. टोपणं सगळी जागेवर, याचा अर्थ त्या कार्डाला वायर कधी लावलीच नव्हती. वायर लावली होती वरच्या दुसऱ्या खाचेत, मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीच्या. तिथून चित्र येतं ते कार्डाचं नव्हे, तर प्रोसेसरच्या पोटात जी थोडीफार चित्राची सोय असते, तिचं. घरगुती कामाला ती पुरते. एवढ्या मोठ्या पडद्यावर काठाची नक्षी ओढताना ती बिचारी धापा टाकणार नाही तर काय!

म्हणजे सात महिने ते हिरवं कार्ड नुसतं दिवे लावून बसलं होतं. सगळं ओझं वाहत होती ती लालवाल्यांची चिमुकली सोय, जिच्यावर सन्मतीनं एक आख्खा व्हिडिओ करून थट्टा केली होती.

सन्मती टोपणाकडं बघत राहिला.

"जोडताना व्हिडिओ लाइव्ह चालू होता," तो पुटपुटला. "लाल-हिरव्याचा वाद पेटला होता. एका हातात फोन... दुसऱ्या हातानं मागं चाचपून वायर घातली. कॅमेरा माझ्या तोंडावर होता."

"काय झालं रं?" अप्पांनी विचारलं.

सन्मती खाली वाकला. मशीन बंद केलं आणि टेबलाखाली शिरला. वायर काढून घालायला किती वेळ लागतो? त्याला बराच लागला. आतून नाक ओढल्याचा आवाज आला. सर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले. मीही वाचलं. गेल्या वर्षीचं होतं.

मशीन पुन्हा सुरू झालं.

"अप्पा, आता काढा," सन्मती म्हणाला.

अप्पांनी नाखुशीनंच माऊस धरला आणि वळण घेतलं. रेघ हाताबरोबर निघाली. हात वळला तिथं वळली, थांबला तिथं थांबली. चटका बसावा तसा अप्पांनी माऊस सोडून दिला. मग पुन्हा धरला. एक कोयरी. दुसरी. तिसरीच्या पोटात बारीक वेल.

"आरं... हात बरा झाला की माझा!" ते ओरडलेच. "सर, तुमचा पायगुण म्हणायचा हो. सकाळपर्यंत न्हवता ओ असा!"

मला वाटलं, झालं. गोष्ट गोड झाली. अप्पा खूश, काम राहिलं, सन्मतीची लाजही राहिली. कोणी काही बोललं नसतं तर सगळं निभावलं असतं. सन्मतीनं सरांकडं पाहिलं. गप्प राहू का, असं त्या नजरेत स्पष्ट होतं.

सर कॅलेंडरच वाचत होते.

सन्मती अप्पांच्या खुर्चीजवळ खाली बसला.

"अप्पा, तुमचा हात बरा झाला नाही. तो बराच होता. सात महिने बराच होता. वायर मी चुकीच्या ठिकाणी लावली होती."

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. सात महिन्यांत पहिल्यांदा. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सरांकडं वळून म्हणाले,

"बघा सर, बापाला बरं वाटावं म्हणून कसं बोलतंय. असली चूक माझा सन्मती करायचा न्हाई. गावातली माणसं त्याला इचारून मशिनी घेत्यात."

"खरंच सांगतोय, अप्पा!"

"असू दे रं. हात आज चालला, उद्या चालंल न चालंल. तू नको मनाला लावून घेऊ."

 मी अनेक माणसं खोटं पचावं म्हणून धडपडताना पाहिली आहेत. खरं बोलून ते कोणाच्या गळी उतरत नाही म्हणून रडकुंडीला आलेला हा पहिलाच. आणि ते का उतरत नव्हतं? कारण 'मी चुकत नाही' हे या मुलानं बापाला सात महिने रोज सांगितलं होतं.

"सर, तुम्ही सांगा ना त्यांना," तो म्हणाला. "तुमचं ऐकतील."

"टोपण माझ्या हातात न्हाई," सर म्हणाले. "तुझ्या हातात हाय."

सन्मती उठला. मग त्यानं मशीन पुन्हा बंद केलं, टेबल दोन्ही हातांनी धरून ओढलं. ग्राफ पेपरच्या गुंडाळ्या धडाधड खाली पडल्या. त्यानं कार्डातली वायर काढली आणि परत त्या चुकीच्या खाचेत घातली. अप्पांना दिसेल अशी, समोर.

"उठा, अप्पा. मला बसू द्या."

तो त्या खुर्चीवर बसला. पहिल्यांदाच. मशीन सुरू करून माऊस धरला आणि आयुष्यात कधी न काढलेली कोयरी काढायला लागला.

हात पुढं गेला. रेघ जागेवरच. मग धक्के खात, मागून... त्यानं वळवलं, चेपलं. पुन्हा काढली. पुन्हा तेच. सव्वीस वर्षांचा हात, आणि रेघ त्याच्याही मागून येत होती.

अप्पा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. एकदा पडद्याकडं, एकदा त्याच्या बोटांकडं. डॉक्टरच्या सांगण्यानं जे झालं नव्हतं ते आता होत होतं. 

"तुझा पण हात मागं पडतोय की रं..."

"होय, अप्पा."

"म्हंजे माझा..."

"तुमचा कधीच नव्हता पडला."

अप्पा मटकन खाली बसले, त्या पडलेल्या गुंडाळ्यांमध्येच. दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडं बघत राहिले. अनोळखी माणसं दाराशी यावीत आणि बघता बघता घरचीच निघावीत, तसे. मग रडले. मोठ्यानं रडले, लहान मुलासारखे, आणि त्यात मध्येच हसले.

"ही कसली कोयरी काढलीयास," डोळे पुसत ते म्हणाले. "बापाचं नाव घालवशील. ऊठ, सरक. वायर नीट लाव रं आधी."

सन्मतीनं वायर नीट लावली. अप्पा खुर्चीवर बसले आणि कामाला लागले. एकदा लागले ते लागलेच. आम्ही तिघं खोलीत आहोत हे ते विसरून गेले. पडद्यावर काठ लांबत चालला होता, कोयरीला कोयरी जोडत.

सरांनी माझ्याकडून पिशवी घेतली आणि दाराशी गेले. सन्मती मागोमाग आला. ते टोपण पुन्हा त्याच्या मुठीत होतं. 

"सर, तुम्ही खाली शिरला होतात तेव्हाच वायर बदलता आली असती. कुणाला कळलंही नसतं. मला टोपण का दिलंत?"

"गुडघा दुखत होता माझा," सर म्हणाले.

सन्मती हसला नाही. आतून माऊसची टिकटिक येत होती. त्यानं मान तिकडं वळवली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला,

"सर, सात महिने मी त्यांना त्यांच्या हाताची भीती घातली. ते सात महिने मी कसे परत द्यायचे?"

मोमीन सरांनी चप्पल घातली. उंबऱ्यावरून वळून अप्पांकडं पाहिलं.

"स्टूल घे. त्यांच्याजवळ बस. रेघ कुठं चाललीय ते बघ."